चार खात्यांची खुर्ची

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, पाळण्यातसुद्धा मी सारखी पाय झाडत असायचे. अशा बाईला वर्गीकरणाचं काम कुणी देऊ नये. पण मी कॉलेजात लोकप्रशासन शिकवते, म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं. काम असं: उज्जैन जिल्ह्यात सरकारी खाती आणि सार्वजनिक संस्था मिळून जी कामं करतात, त्यांतून त्यांची जी जाळी तयार होतात ती सगळी शोधायची, ती कशी चालतात ते पाहायचं आणि त्यांचे प्रकार पाडायचे. कामाच्या पत्रात 'समन्वय' हा शब्द इतक्या वेळा आला होता की वाचता वाचता मला जांभया यायला लागल्या.

प्रकार पुस्तकांत तयार होते. काही जाळ्यांत सगळे बरोबरीचे असतात, कुणी कुणाचा साहेब नाही. काहींत एक संस्था पुढे होते आणि बाकीच्या तिच्या मागून चालतात. काहींत हा पसारा सांभाळायला एक वेगळं कार्यालयच उघडतात, आणि मग सगळे त्या कार्यालयाला नावं ठेवतात. एका संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती तेव्हा मी हे तिला सांगत होते. म्हणजे खोलीभर फेऱ्या मारत बोलत होते.

"म्हणजे भिशी, लग्नघर आणि मंडळ," आई म्हणाली.

मी थांबले. भिशीत सगळ्या बायका सारख्या. लग्नघरात कामं सगळे करतात, पण शेवटी मुलीचा बाप काय म्हणतो ते चालतं. आणि गणपतीच्या मंडळात वर्गणी सगळ्यांची, कारभार कार्यकारिणीचा. आईला शाळेनंतर पुढे शिकवलं नव्हतं, पण माहेर इथलंच, दरबारी कारकुनांच्या खटल्यातलं. माणसं कशी एकत्र येतात आणि कशी फाटतात हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. मी त्या दिवसापासून कच्च्या कागदांवर तेच शब्द वापरायला लागले. पक्क्या कागदांवर अर्थात पुस्तकातले.

कोणतं जाळं खरं आणि कोणतं नावापुरतं हे ओळखायला मी एकच प्रश्न ठरवला होता. प्रत्येक कार्यालयात जाऊन विचारायचे, "हुकूम आलेला नसताना तुम्ही शेवटचा फोन दुसऱ्या खात्यात कुणाला केलात?" काही जण पटकन नाव सांगायचे आणि वर हसायचे. क्षिप्रेला पाणी चढून छोटी रपट, म्हणजे नदीवरचा बुटका पूल, बुडाली की दोर कोण आणतं, नावा कोण बांधतं, घाटावरच्या लोकांना मागे कोण सारतं, हे कुणाला विचारावं लागत नाही. श्रावणातल्या सोमवारी देवाच्या सवारीच्या वाटेवरच्या तारा वेळेत उचललेल्या असतात. ही खरी जाळी. आणि काही कार्यालयांत माझा प्रश्न ऐकून साहेब मोबाइल पुढे करायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप दाखवायचे. त्यात दिवसभर 'जी सर' आणि जोडलेले हात. या जातीला आईकडेही नाव नव्हतं.

हे सगळं चालू असताना माधव नगरातल्या आमच्या फाटकासमोरचं चेंबरचं ढाकण फुटलं. बांधकामाचं सामान नेणारा ट्रक गल्लीत शिरला, मागे आला आणि त्याच्या चाकाखाली ते ढाकण बिस्किटासारखं मोडलं. खाली कमरेएवढा खड्डा. त्यात गटाराचं तोंड, पाण्याचा पाइप आणि विजेची जाड काळी केबल. पाइपातून पाणी झिरपत होतं.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण माझा जीव तिच्यात अडकला होता, खड्ड्यात नव्हे. आई ऐंशीच्या घरातली. तिला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं दिसत नाही. वडील गेल्यावर ती कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जेव म्हटलं तर जेवायची, ऊठ म्हटलं तर उठायची, तेवढंच. मग मागच्या गल्लीतल्या बायकांनी तिला आपल्या भजनात ओढून नेलं. तिथे तिचा आवाज कुणाला तरी आवडला, आणि आई पुन्हा साडीला इस्त्री करायला लागली. रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला ती काठी घेऊन एकटी निघायची. एकटी हे महत्त्वाचं. कामवालीने एकदा हात धरला तर तिने तो झटकला होता. "मला कुणी धरून नेलेलं नको. ज्या दिवशी धरून न्यावं लागेल त्या दिवशी मी घरीच बसेन." हे ती रागाने म्हणाली नव्हती, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती.

फाटकातून बाहेर पडलं की समोर खड्डा. दुसरी वाट नाही. मी तिच्याकडून वचन घेतलं की खड्डा बंद होईपर्यंत ती भजनाला जाणार नाही.

"बरं," आई म्हणाली.

मनात मी हिशेब मांडला. खड्डा लवकर बुजला तर भजन टिकेल. लांबला तर सवय मोडेल, आणि सवय मोडली की आई पुन्हा भिंतीकडे तोंड करेल. वर्गात शिकवताना घड्याळात पाच वाजत आले की माझं चित्त उडायचं. मुलं प्रश्न विचारायची आणि मी खिडकीबाहेर पाहत असायचे.

तक्रार केली. मोबाइलवर लगेच 'दर्ज' असं आलं, आणि मग मी कार्यालयांच्या वाऱ्या सुरू केल्या. साहेब लोक संध्याकाळीच जागेवर सापडतात, त्यामुळे कॉलेज सुटलं की स्कूटर थेट तिकडे. गटारवाले म्हणाले, ढाकण आमच्या गोदामात तयार आहे, पण खाली विजेची केबल आहे, ती सरकवल्याशिवाय आमचा माणूस आत हात घालणार नाही. वीजवाले म्हणाले, केबल सरकवायला वेळ लागत नाही, पण तिथे पाणी झिरपतंय, आधी ते थांबवा. पाणीवाले म्हणाले, गळती किरकोळ आहे, पण पाइपपर्यंत पोचायला रस्त्याची कड फोडावी लागेल, रस्तेवाल्यांची परवानगी आणा. नानाखेड्याच्या पुढे रस्तेवाल्यांचे एक साहेब बसायचे. ते फार सज्जन. त्यांनी मला चहा पाजला.

"परमिशन तो मैं आज दे दूँ मॅडम," ते म्हणाले, "पर चेंबर किसका है, पहले ये तो तय हो. जिसका चेंबर, उसका ढक्कन. तब तक रोड तुड़वा के मैं क्यों फँसूँ?"

चौघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता. त्यामुळेच माझ्या डोक्याचा भुगा झाला. खोटं बोलणाऱ्यावर ओरडता तरी येतं. स्कूटरवरून घरी येताना मी मनातल्या मनात त्यांना प्रकारांत बसवायचा प्रयत्न करायचे आणि सिग्नल हिरवा झालेला मला मागच्या ऑटोवाल्याच्या हॉर्नने कळायचा.

"हे तर लग्नघर आहे," मी आईला चारही खात्यांचं ऐकवलं तेव्हा ती म्हणाली. "वाजंत्री आलेत, आचारी आलाय, मांडव पडलाय. फक्त मुलीचा बाप कुठे गेलाय ते कुणाला माहीत नाही."

त्याच आठवड्यात आईने वडिलांची खुर्ची रस्त्यावर नेऊन ठेवली. मी कॉलेजातून आले तर फाटकाबाहेर, खड्ड्याच्या अलीकडे हातभर जागा सोडून, ती उभी. पाठ आमच्या फाटकाकडे, तोंड खड्ड्याकडे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून तिने ती उचलवून घेतली होती.

"अगं, पोरं क्लासवरून सायकली दामटत येतात. कुणी पडेल ना," ती म्हणाली.

"मग माठाचं स्टूल ठेव, बादली ठेव. बाबांची खुर्ची?"

"स्टूल कुणीही उचलून नेईल. ही जड आहे."

ते खरं होतं. वडील बँकेत होते, बदलीवर उज्जैनला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीच्या सुमाराला शाखेतलं फर्निचर बदललं, जुनं विकायला काढलं, तेव्हा ज्या खुर्चीवर ते इतकी वर्षं बसले ती त्यांनी विकत घेतली. सागवानी, हातांची, बूड वेताचं. वेत फाटला तेव्हा त्यांनी स्वतः हिरव्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने ती विणली, वेडीवाकडी. पाठीमागे बँकेचा नंबर पांढऱ्या रंगात घातलेला होता, तो त्यांनी कधी खरवडला नाही. "नंबर काढला तर चोरीची वाटेल," ते म्हणायचे. रंग इतका जाड की आकडे हाताला लागत. त्या खुर्चीवर बसून त्यांनी पेपर वाचले, माझ्याशी भांडणं केली आणि शेवटी शेवटी नुसतेच बसून राहिले. ती रस्त्यावर धूळ खात उभी पाहून मला कसंतरी झालं. पण आईने ठेवली होती, मी कोण बोलणार.

थोड्याच दिवसांत मोबाइलवर निरोप आला: तक्रारीचं निराकरण झालं आहे. मी कॉलेजातून तशीच घरी धावले. खड्डा होता तिथेच होता. मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा निराकरण. मग एकेक करून बाकीच्या खात्यांकडे केली. त्यांनीही निराकरण केलं. मला वाटायला लागलं की मला तरी वेड लागलंय किंवा खड्ड्याला तरी जादू येते, अधिकारी आले की तो बुजतो आणि गेले की उघडतो. माझी झोप गेली, जेवण गेलं. आई मात्र शांत होती. ओट्यावर वाटीत खडीसाखर असायची, भजनातल्या कुणाच्या सुनेला मुलगा झाला हे तिला माहीत असायचं. बायका घरी येऊन जात असतील असं मी धरून चालले. मला त्या नादात विचारायला फुरसत कुठे होती.

मग ती बैठक झाली. वर्गीकरणाचं काम ज्या अधिकारी बाई पाहत होत्या त्यांनी सगळ्या खात्यांना बोलावलं होतं. ज्या त्या खात्याने दुसऱ्या खात्यांबरोबर केलेल्या कामाचं एक चांगलं उदाहरण पडद्यावर दाखवायचं आणि ते कोणत्या प्रकारात बसतं ते मी सांगायचं. बाई हुशार होत्या, भराभर बोलायच्या, त्यांना रकाने भरलेले आवडायचे. मी टेबलाखाली पाय हलवत बसले होते.

पहिले गटारवाले उठले. त्यांनी तक्रारींचा निपटारा किती वेगाने होतो ते सांगितलं आणि एक फोटो दाखवला. उघडं चेंबर, त्याच्यापुढे सुरक्षेसाठी ठेवलेला अडथळा, खाली कोपऱ्यात जागेचे आकडे आणि वेळ. अडथळ्याचं बूड हिरव्या-पांढऱ्या पट्टीने विणलेलं होतं.

माझे पाय थांबले.

मग वीजवाले उठले. त्यांच्याही फोटोत तेच चेंबर आणि तीच खुर्ची, जरा डावीकडून. पाणीवाल्यांनी पाठीमागून काढला होता. नंबर स्पष्ट दिसत होता. रस्तेवाल्या सज्जन साहेबांच्या फोटोत खुर्चीबरोबर आमची जास्वंदही आली होती.

अधिकारी बाई खूश झाल्या. "अरे वाह, चारों विभाग एक ही लोकेशन पर! मॅडम, ये तो आपके काम का है. किस टाइप में जाएगा?"

मी उठले. मला वाटतं मी ओरडलेच. "ये मेरे पिताजी की कुर्सी है!"

सभागृहात कुणीतरी हसलं. रस्तेवाले साहेब खरोखरच गोंधळले होते. "पर मॅडम," ते म्हणाले, "उस पे तो नंबर डला है."

हळूहळू उलगडा झाला. जो माणूस फोटो काढायला आला, त्याने पाठीवरचा नंबर पाहिला आणि खुर्ची सरकारी आहे हे ओळखलं. आपली नाही, म्हणजे दुसऱ्या खात्याची. दुसऱ्या खात्याने सुरक्षेची सोय केलीच आहे, तर आपल्या तक्रारीपुरतं काम झालं. आणि दुसऱ्या खात्याचं सामान हलवायचं म्हणजे पत्र लिहावं लागतं, म्हणून कुणी तिला हात लावला नाही. हात लावला नाही म्हणून ती अधिकच सरकारी वाटत राहिली. माझ्या वडिलांना जिवंतपणी कुठल्या कार्यालयात एवढा मान मिळाला असेल असं मला वाटत नाही.

मी बोलत राहिले. खड्डा, केबल, गळती, कड, आई, भजन, सगळं एका दमात. अधिकारी बाईंनी चारही जणांना खडसावलं, चारही तक्रारी पुन्हा उघडायला लावल्या. मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आले. पण कागदावर त्या बैठकीतून पहिली गोष्ट जी निघाली ती ढाकणाची नव्हती. खुर्ची खाजगी आहे हे मीच भर सभेत सांगितलं होतं, आणि रस्त्यावर खाजगी सामान ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उचलायला गाडी आली. त्या दिवशी मी अर्ध्या रजेवर होते. दोन माणसं उतरली, वागायला चांगली होती, एकाने मला हुकूमही दाखवला. मी हुज्जत घालत असतानाच आई फाटकातून बाहेर आली. सरळ चालत आली, तिचा हात बरोबर खुर्चीच्या पाठीवर पडला, तिच्या बाजूने वळून ती पुढे आली आणि बसली. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"माताजी, उठ जाइए, कुर्सी ले जानी है."

"ले जाव ना बेटा. मेरे को भी ले चलो साथ में."

तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला. मी आकाशाकडे पाहायला लागले. तेवढ्यात मोटारसायकलवरून वीजवाल्यांचा माणूस आला. उघडलेल्या तक्रारीसाठी त्याला नवा फोटो हवा होता. त्याच्या पाठोपाठ गटारवाल्यांचे दरोगा, म्हणजे मुकादम, आले. मग पाणीवाल्यांचा फिटर. शेवटी घाम पुसत खुद्द रस्तेवाले साहेब. सगळ्यांना खड्ड्याचा फोटो हवा होता आणि सगळ्यांच्या फोटोत आई येत होती. एका म्हाताऱ्या बाईचा उघड्या खड्ड्याच्या काठावरचा फोटो वर पाठवायची कुणाची छाती होईना.

"माताजी, बस दो मिनट उठ जाइए."

"मेरे को नीचे दिखता नहीं बेटा. उठूँगी तो गिरूँगी. ढक्कन लगा दो, फिर उठती हूँ."

मग आईने त्यांची चौकशी सुरू केली. तू कुठला, तुझ्याकडे काय आहे, तुझं काय अडलंय. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातली मोठी बाई पाहुण्यांना कामं लावते तसा तिचा सूर होता. दरोग्यांकडे गोदामात ढाकण होतं पण आणायला गाडी नव्हती. खुर्ची न्यायला आलेली गाडी तिने तिकडे पाठवली. फिटरला कड फोडायची होती, परवानगी देणारे साहेब त्याच्या शेजारीच उभे होते, तिने त्यांच्याकडे नुसतं तोंड वळवलं आणि ते म्हणाले, "हाँ हाँ, तोड़ लो भाई." वीजवाल्याने फोन करून लाइन बंद करवली. पाणीवाल्याने पट्टा आवळून गळती बांधली. केबल सरकली. चेंबर कुणाचं हा प्रश्न त्या दुपारी कुणालाच आठवला नाही. मी लोकप्रशासनातली डॉक्टरेट घेऊन स्वयंपाकघरात चहाची आधणं ठेवत होते आणि ट्रे घेऊन आत-बाहेर धावत होते.

दिवेलागणीला ढाकण बसलं. आई उठली, चारही खात्यांनी नव्या ढाकणाचे फोटो काढले आणि सगळे आपापल्या वाटेने गेले. साहेबांनी तर आईला वाकून नमस्कार केला.

मी ढाकणाकडे पाहिलं. ते रस्त्याच्या पातळीपेक्षा चांगलं चार बोटं वर आलं होतं.

"ऊपर डामर आएगा मॅडम, तब बराबर हो जाएगा," दरोगा गाडीत चढता चढता म्हणाले. डांबर कधी येणार हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. खड्डा तरी नाहीसा झाला होता.

खुर्ची मी त्याच संध्याकाळी आत आणली. ओल्या फडक्याने पुसली, साबणाने धुतली, व्हरांड्यात तिच्या जुन्या जागी ठेवली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच मला तिच्याकडे पाहून बरं वाटलं. रात्री जेवताना आईने विचारलं, "मग आमचं काय ठरवलंस? भिशी का लग्नघर?"

"लग्नघर."

"आणि मुलीचा बाप?"

"तूच की."

"मी कुठली? ह्यांची खुर्ची," ती म्हणाली आणि ताकाचा पेला शोधायला हात पुढे केला.

सकाळी अधिकारी बाईंचा फोन आला. त्यांना आमचा खड्डा यशस्वी उदाहरणांत हवा होता. प्रकार दुसरा, एका संस्थेच्या पुढाकाराने चालणारा, इथपर्यंत आमचं जमलं. मग त्यांनी विचारलं की पुढाकार घेणाऱ्या संस्थेच्या रकान्यात काय लिहू. मी म्हटलं, तो रिकामा ठेवा. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

त्या दिवशी कॉलेजातून मी लवकर निघाले. इतक्या आठवड्यांनी आई भजनाला जाणार होती आणि ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं. तिला कळू नये, नाहीतर ती चिडेल, म्हणून मी फाटकातून हळूच शिरून, घराला वळसा घालून अंगणातल्या मागच्या दाराने आत गेले आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले. पाच वाजून गेले. आई बाहेर आली. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं असलेली साडी, इस्त्री केलेली. डाव्या हातात काठी. तिने फाटक उघडलं, मागे न पाहता लावलं आणि निघाली. चाचपडत नव्हती, अंदाज घेत नव्हती. रोज जाणारं माणूस जातं तशी गेली. दोन-चार पावलांनंतर तिचा उजवा हात आपोआप पुढे झाला, कमरेच्या जरा वर, बोटं अर्धी वळवलेली.

तिथे काही नव्हतं.

आई थांबली. हात तसाच. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ती जरा डावीकडे चाचपली, जरा उजवीकडे. तिच्या चपलेपासून वीतभर अंतरावर ढाकणाची ती चार बोटांची कड होती आणि ती तिला दिसत नव्हती.

मी जिने कशी उतरले मला आठवत नाही. खाली पोचेपर्यंत सगळं माझ्या डोक्यात जागेवर पडत गेलं होतं: प्रसादाची खडीसाखर, कुणाच्या तरी सुनेचा मुलगा, आईचं शांत राहणं. मी रोज संध्याकाळी चार खात्यांच्या दारात उभी होते, आणि आई रोज संध्याकाळी खुर्चीच्या पाठीला हात लावून, तिच्या बाजूने वळून भजनाला जात होती.

"थांब!" मी ओरडले. "पाऊल टाकू नकोस!"

"थांबलेच आहे. ओरडून का राहिलीस?" आई म्हणाली. "खुर्ची कुठेय?"

"आत आणली. धुतली."

"मला विचारलं नाहीस."

"तू रोज जात होतीस?" मला धाप लागली होती आणि रडूही येत होतं. "बरं म्हणाली होतीस ना मला?"

"बरं म्हटलं होतं. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं." तिने हात अजून खाली घेतला नव्हता. "त्या नंबराला बोटं लागली की कळायचं, इथून वळायचं. ह्यांच्या खांद्याला धरून वळल्यासारखं."

पुढे जाऊन तिच्या हाताखाली माझा खांदा दिला. तिने तो चाचपला.

"फार उंच झाला. जरा वाक. आणि पळू नकोस, मला तुझ्या पायांची सवय नाही."

मी वाकले. ढाकणाच्या बाजूने आम्ही वळलो आणि गल्लीतून निघालो. आयुष्यात मी एवढी हळू कधी चालले नव्हते. इस्त्रीवाल्याने आईला रोजच्यासारखा रामराम केला आणि माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. मागच्या गल्लीत वळल्यावर पेटीचा सूर ऐकू यायला लागला. भजनाच्या घराच्या पायरीशी आईने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला, पदर सारखा केला.

"उद्या खुर्ची परत जागेवर ठेव," ती म्हणाली. "मला कुणी धरून नेलेलं आवडत नाही."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाण्याआधी मी ती उचलून बाहेर नेली आणि ढाकणाच्या अलीकडे ठेवली, नंबर घराकडे करून.